मशीनवाल्या काकांचं एक वाक्य

"बाबा, मी सांगतो ना त्यांना तुमच्या वतीने," मुलगा चौथ्यांदा म्हणाला आणि मशीनवाल्या काकांनी चौथ्यांदा मान हलवली. नाही म्हणजे नाही. व्याही-विहीण पहिल्यांदाच घर बघायला येणार होते. बाईमाणूस नसलेल्या घरात पोरगी द्यायची, म्हणून त्यांचा जीव आधीच टांगणीला लागलेला. अशा वेळी सासऱ्याने मुलाच्या आडून बोलायचं? छे! पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, काकांना त्यांची भाषा येत नव्हती आणि मधल्या इंग्रजीत दोन्हीकडची मंडळी सारखीच कच्ची. तरी ते एक वाक्य काका स्वतःच्या तोंडानेच बोलणार होते.

काकांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. आलेल्या प्रत्येक मशीनच्या चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर बिघाड लिहायचा, ही तीस वर्षांची सवय. होणाऱ्या सुनेने नात्यागोत्याचं इंग्रजी शिकवायला घेतलं, तेव्हा काकांनी तेही चिठ्ठ्यांवर चढवलं. 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं, 'मेक अप' म्हणजे पुन्हा गोडी होणं. तेल घालता घालता पाठांतर चालायचं. चिठ्ठ्या मशीनबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी जायच्या, ते वेगळंच. एका शिवणकामवाल्या बाईंनी बिनसण्याची चिठ्ठी परत आणून दिली. आमच्याकडे याची टंचाई नाही, म्हणाल्या.

'फॉल फॉर' शिकवताना सून जरा लाजली. एखाद्यावर भाळणं. काकांनी त्याचं वाक्य मोठ्या इंग्रजी अक्षरांत निगुतीने लिहिलं आणि कोपऱ्यातल्या मशीनला बांधलं. ते गिऱ्हाइकाचं नव्हतं, काकूंचं होतं. काकू जाऊन चार वर्षं झाली, पण त्यात तेल पडलं नाही असा एक महिना गेला नव्हता.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी काकांनी घर लख्ख केलं. काकूंच्या मशीनची चिठ्ठी सोडून टेबलावर आजच्या वाक्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवली, मशीन पुसलं, चिठ्ठी परत बांधली. टेबलावर उरलेली दुसरी न बघताच खिशात टाकली.

पाहुणे आले. चहा झाला. काका उठले, घसा खाकरला आणि ऐन वेळी वाक्य डोक्यातून पार उडालं. हात खिशात गेला. विहीणबाईंसमोर उभं राहून त्यांनी अक्षर अक्षर लावत खणखणीत वाचलं, "आय फेल फॉर यू."

मुलाला ठसका लागला. सुनेने तोंडावर हात धरला. विहीणबाईंनी मात्र शांतपणे पर्समधून छोटी वही काढली. लेकीने त्यांचीही महिनाभर हीच शिकवणी घेतली होती! बाईंचं बोट यादीवरून खाली सरकू लागलं, तसा काकांचा जीव खालीवर होऊ लागला. बोट थांबलं. बाईंनी वही नवऱ्यापुढे धरली. व्याह्यांनी वाचलं आणि ते असे गडगडून हसले की खुर्ची करकरली. मग काय, सगळेच हसत सुटले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण हसू त्यांनाही आवरेना.

जरा शांत झाल्यावर त्यांनी चिठ्ठी दाखवली, मग कोपऱ्याकडे बोट केलं. "माय वाइफ," एवढंच जमलं.

विहीणबाई उठून त्या मशीनपाशी गेल्या. चाकाला लटकणारी चिठ्ठी त्यांनी तळहातावर घेतली. या वेळी वही लागली नाही.

"वुई विल लुक आफ्टर युवर डॉटर," त्यांनी सावकाश वाचलं.

काकांच्या तोंडचं वाक्य काकूंनीच बोलून टाकलं होतं. काकांना भरून आलं आणि कितीतरी दिवसांनी फार बरं वाटलं. विहीणबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. व्याही खिशात रुमाल शोधत राहिले.

निघताना बाईंनी खुणेनेच विचारलं, ही चिठ्ठी मी नेऊ? काकांनी ती सोडून त्यांच्या हातात दिली. मग खिशातली काढून काकूंच्या मशीनच्या चाकाला बांधली. या खेपेला दोन गाठी मारल्या.