पाटीवरचा देव

वडिलांनी तापलेल्या साच्याचा स्क्रू घट्ट आवळला आणि ट्यूबवरचे ठिगळ भाजू लागले. रबराच्या त्या उग्र वासात, पंक्चरच्या दुकानाच्या बाकावर बसून लेक आपले भाषण वाचण्याच्या तयारीत होती. उद्या महाविद्यालयाच्या सभागृहात तिला बोलावयाचे होते आणि वडिलांनी ऐकावयास यावे, असा तिचा हट्ट होता.

“मला कुठे नेतेस? आईला ने. ती शोभेल तरी.”

भरल्या सभागृहातून खुर्चीपर्यंत चालत जाणे, हेच वडिलांचे खरे संकट होते. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. त्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढीत नसे.

“आधी ऐका तर,” लेक म्हणाली. “आपल्या दुकानाच्या पाटीवरचा ‘व्हल्कनायझिंग’ हा शब्द एका रोमन देवावरून आलाय. व्हल्कन. अग्नीचा देव, सगळ्या देवांचा लोहार. तो...” ती अडखळली. “तो लंगडा होता.”

साच्यावरचा हात थबकला.

“पुढे?”

“बाकीचे देव त्याच्या चालीला हसायचे. पण प्रत्येकाचं हत्यार त्याच्याच भट्टीतून निघायचं.”

“आणि प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता हवं असेल,” वडील म्हणाले.

“लग्न तरी झालं का बिचाऱ्याचं?” चहा घेऊन आलेल्या आईने विचारले.

“झालं ना. सौंदर्याच्या देवतेशी.”

“ऐकलंत? देवांतही हीच तऱ्हा!” आईने ऐटीत केस सारखे केले. “मग संसार कसा झाला?”

लेकीने हातातला कागद उलटा ठेवला.

“सुखाचा. अगदी शेवटपर्यंत.”

आई तृप्त होऊन, दूध उतू जाईल म्हणत, मागच्या स्वयंपाकघरात पळाली.

वडिलांनी स्क्रू सैल केला आणि ठिगळाची कड अंगठ्याने चाचपून पाहिली.

“ती देवता पुढे युद्धाच्या देवाच्या नादी लागली ना गं?” ते हळूच म्हणाले. “पाटी वाचून एका गिऱ्हाइकाने मला सगळी कथा सांगितली होती. फार वर्षं झाली.”

लेकीचा चेहरा उतरला.

“बाबा, मी तो भाग उद्या गाळीन...”

“तू आईला सांगितलास तो शेवट आपल्या घरात राहू दे. तिथे खरं ते सांग. आणि ‘लंगडा’ हा शब्द असा तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.”

काळे हात फडक्याला पुसत त्यांनी आत हाक मारली.

“अगं, माझा पांढरा शर्ट काढून ठेव. आणि उद्या तिथे माझ्यापुढे झपाझप चालू नकोस. बरोबरीने चाल.”

“आजवर कधी पुढे चालले का?” आतून आवाज आला.