आईचे नाव : याडी

मला राग आला की आधी कान तापतात. त्या दिवशी यवतमाळला, जिल्ह्याच्या एका ऑफिसात दोन तास खिडकीपुढे उभी राहून माझे कान नुसते भाजून निघाले होते.

"आईचं नाव यादी?" खिडकीतल्या बाईंनी माझी दहावीची मार्कशीट चष्म्याजवळ धरली. "कशाची यादी?"

"यादी नाही मॅडम, याडी."

"आन् पासपोर्टवर रुक्माबाई! तुले दोन आया आहेत काय वो?"

रांगेतले लोक हसले. मीही दात दाखवले, कारण माझी फाईल बाईंच्या हातात होती.

झालं होतं असं. आम्ही बंजारा. ढाणकीजवळच्या तांड्यावर राहतो आणि घरात गोरबोली बोलतो. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. मी पहिलीत गेले त्या वर्षी शाळेत नवे गुरुजी आले होते, कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातून, नोकरीचा पहिलाच आठवडा. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, "आईचं नाव सांग." मी सांगितलं, याडी. सहा वर्षांच्या पोरीला आईला आणखी एखादं नाव असतं हे कुठून माहीत असणार! गुरुजींनी ते ठळक अक्षरात लिहून घेतलं. आमच्या वर्गात त्या वर्षी चार मुलांच्या आयांचं नाव याडी होतं. गुरुजींना वाटलं असेल, या तांड्यावर हे नाव फार चालतं.

बाकी तिघांचं काही बिघडलं नाही. सुनील आठवीत शाळा सोडून ट्रॅक्टर चालवायला लागला, दोघींची लग्नं झाली. त्यांच्या आयांची नावं पुन्हा कुणाला लागली नाहीत. मी मात्र शिकत गेले आणि माझ्यामागून याडीही एकेका कागदावर चढत गेली. दहावीची मार्कशीट हातात आली तेव्हा मला ते दिसलं होतं. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, "राहू दे, याच्यानं कुठं अडत नाही." मला तर ते नाव तिथं छापलेलं पाहून गोडच वाटलं होतं. इतकी मी शहाणी.

अडलं ते ऐन वेळेला. शेतकीची डिग्री झाल्यावर मी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात मातीच्या शास्त्रासाठी अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. "माती शिकाले एवढ्या दूर? आपल्या वावरातली कमी पडली काय?" असं विचारून शेजारच्या बबलूकाकानं अख्ख्या तांड्याला हसवलं. पण जाणं होतं ते सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर. ती मिळाली तर मी विमानात, नाही तर प्रवेशाचं पत्र भिंतीवर. माझी निवड झालेली होती. फक्त कागद तपासून घ्यायचे होते, आणि त्याची शेवटची तारीख वीस दिवसांवर आली होती.

बाईंनी मला आत साहेबांकडे पाठवलं. टेबलावर पाटी होती, शंकरसिंग जाधव. माझा जीव भांड्यात पडला. आपला माणूस!

साहेबांनी मार्कशीट पाहिली आणि हसले. "मले समजते, जया. माझीबी याडीच होती. पण कॉम्प्युटरले नाही समजत. दोन्ही कागदांवर एकच नाव पाहिजे."

"सर, तुम्ही लिहून द्या ना, की याडी म्हणजे आई."

"काय लिहून देऊ? आईचं नाव आई?"

"मग प्रतिज्ञापत्र?"

"पहिले चालत होतं." त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "मार्कशीट दुरुस्त कर. शाळेचा प्रस्ताव, मग तालुका, मग जिल्हा, मग बोर्ड. चार महिने धरून चाल."

चार महिन्यांनी तिकडचे वर्ग सुरू होऊन महिना लोटलेला असणार होता. समजणाऱ्या माणसानं समजून घेऊन दिलेल्या नकाराचा राग जास्त येतो. त्यांच्यावर ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी उमरखेडला सेतू केंद्रात राजकुमारकडे गेले. तालुक्याचे निम्मे अर्ज तोच भरतो. त्यानं दोन मिनिटांत तोडगा काढला. "मार्कशीट बदलत नाही ना? मंग आई बदल." मी डोळे वटारले तसा म्हणाला, "नाव गं, नाव! गॅझेट करू. रुक्माबाईचं याडी. पंधरा दिवसांत छापून येते. गॅझेट जोडलं का कोणी हू का चू करत नाही."

मला इतका आनंद झाला की मी त्याला स्वतःच्या पैशांनी लस्सी पाजली.

घरी सांगितलं. बाप म्हणाला, "करून टाक ना. घरात तिले रुक्माबाई म्हणते तरी कोण?" याडी तूर पाखडत होती. काही बोलली नाही. आमच्या घरात ती काही बोलली नाही की ते हो असतं, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

सकाळी आम्ही दोघी उमरखेडला गेलो. तिनं लग्नाकार्याची साडी नेसली होती. राजकुमारनं छापील फॉर्म पुढे ठेवला. वर जुनं नाव, खाली नवीन नाव, त्याखाली सही. याडी शाळेत गेलेली नाही. बचत गटाची अध्यक्ष झाली तेव्हा सहीपुरतं शिकली आणि मग हट्टानं पुढं पाटीभर अक्षरं शिकली. तिनं वरच्या ओळीत सावकाश लिहिलं, रुक्माबाई गुलाबसिंग चव्हाण. मग खालच्या ओळीत तितकंच सावकाश लिहिलं, रुक्माबाई गुलाबसिंग चव्हाण.

"काकू, इथं नवीन नाव लिहा लागते," राजकुमार म्हणाला.

"हेच आहे."

मी दुसरा फॉर्म मागितला. "याडी, य ला काना, ड ला दुसरी वेलांटी."

"मले येते."

"मग लिही."

"मी नाही लिहत."

मग माझा तोल सुटला. दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर मी तिला नाही नाही ते बोलले. माझं वर्ष चाललंय, सहा वर्षं मी यवतमाळच्या खोलीत एकटी काढली ती कशासाठी, तुला काय कळतंय, तुझं नुसतं नाव जातंय आणि माझं सगळं जातंय. आणि शेवटी बापाचंच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. "तुले रुक्माबाई म्हणते तरी कोण? एक माणूस दाखव!"

तिनं पेनाचं टोपण लावलं. "कोणीच नाही म्हणत. तू याडी म्हणते. तुझा बाप जयार याडी म्हणते. तांडा भाभी म्हणते, काकी म्हणते. रुक्मा कागदावरच उरली आहे. तेबी खोडू काय?"

राजकुमार की-बोर्डकडे बघायला लागला.

"आन् चूक मी केली काय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शाळा घरापासून शंभर पावलं. मी दारातच बसली असीन. त्या गुरुजीनं येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, मार नाम रुक्मा छ. कोणी आलं नाही विचाराले. आताबी कोणी विचारलं नाही. फॉर्म छापूनच आणला तुम्ही."

मी बाहेर निघून आले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचं म्हणणं पटलं वगैरे काही नव्हतं. मला फक्त माझं स्कॉटलंड दिसत होतं आणि ते एका हट्टी बाईनं दोन ओळींत संपवलं होतं. तिनं याडी लिहिलं असतं तर काय जगबुडी येणार होती? बसमध्ये मी मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले. पुढच्या फाट्यावर गर्दी चढली तेव्हा तिनं सरकून जागा केली आणि मला तिच्याजवळ बसावंच लागलं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं. जिव्हाळ्यानं नाही, भांडण उकरून काढायलाच. "कधी तरी कोणी म्हणत होतं का तुला रुक्मा?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"माझी याडी," ती म्हणाली.



सोमवारी मी शाळेत दुरुस्तीचा अर्ज दिला. शिष्यवृत्ती गेली, ती गेलीच. विद्यापीठानं जागा पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्यापासून, निवड पहिल्यापासून, रांगा पहिल्यापासून. हे मी समजूतदारपणे सांगते आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. सांगताना अजूनही माझे दात कचकचतात.

प्रस्तावाचा कागद भरताना नव्या हेडमास्तरांनी मान वर न करता विचारलं, "आईचं खरं नाव काय लिहू? रुक्माबाई? नक्की ना?"

"ती बाहेर उभी आहे, सर," मी म्हणाले. "तिलाच विचारा."