गेरिगोन ऐकल्याशिवाय चहा नाही

गाडीत बसताना बाबा म्हणाला, "तू माझ्या डाव्या हाताला राहा. मागे-पुढे करू नकोस."

मी कारण विचारलं नाही. आई जूनमध्ये गेली आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाला कारण विचारेनासं झालं होतं. मी होबार्टला राहते; तिथून थोड्या दिवसांसाठी आले होते. त्या दिवसांत मी छताच्या पन्हळीतला पाला काढला, कपाटं रिकामी केली आणि पुन्हा भरली, आईचे चालायचे बूट देऊन टाकण्यासाठी बाहेर ठेवले आणि परत आत आणले. पुस्तक उघडलं की एकाच परिच्छेदाभोवती फिरत राहायचे. एका जागी राहणं म्हणून जमत नव्हतं. त्यामुळे बाबानं सहलीला चल म्हटल्यावर मी लगेच निघाले. निदान चालायला तरी मिळणार होतं.

इथे सप्टेंबरात हिवाळा संपून वसंत लागतो, आणि तेव्हाची ही सहल म्हणजे आमच्या गावच्या पक्षिमंडळाचा सणच. सोनं खणून सोडून दिलेल्या जुन्या खड्ड्यांमधून, आयर्नबार्कच्या काळ्या खोडांमधून हळूहळू चालायचं आणि उत्तरेकडून येणाऱ्या पहिल्या गेरिगोनची वाट पाहायची. गेरिगोन म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. पोट पिवळं, गळा पांढरा. झाडाच्या शेंड्यावर असतं, त्यामुळे क्वचितच दिसतं. ऐकायचं मात्र असतं. शीळ आधी वर चढते आणि मग पायरी चुकल्यासारखी सूर सोडत खाली घरंगळते. ती ऐकल्याशिवाय कुणी थर्मास उघडायचा नाही, असा मंडळाचा नियम. तो कुणी घातला हे आता कुणालाच आठवत नाही. ऐकायचं काम मात्र बाबाचं. तो हात वर करायचा, सगळे जागच्या जागी थबकायचे, तो म्हणायचा "आली", आणि थर्मासची झाकणं फिरायची.

आम्ही पोचलो तेव्हा गाड्या लावायच्या जागेत एक मॅगपाय पॅस्कोच्या टोपीवर झडपा घालत होता. त्याचं घरटं वरच होतं. लेस्टर पॅस्को उंच, ताठ, रेल्वेतून निवृत्त झालेला. मागे हटणं त्याला माहीत नव्हतं. तो तिथेच उभा राहून त्या पक्ष्याला शिस्त लावत होता. "त्याला तिकीट विचार," असं ग्लेनिस त्याला ओरडून सांगत होती. ग्लेनिस पूर्वी पोस्टात होती आणि आता मंडळाची चिटणीस. सहलीत काय दिसलं, काय ऐकू आलं, ते तीच टिपून ठेवायची.

तिनं मला मिठी मारली, बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की कमिटीत थोडी कुजबुज आहे. हिवाळ्यातल्या सहलीत अल्विन, म्हणजे माझा बाबा, फार चुकला. विचारलं की भलतंच उत्तर द्यायचा. मर्ल गेल्याचं दुःख आहे हे सगळ्यांना कळतं, पण यापुढे त्यानं विसावा घ्यावा, दुसऱ्या कुणी पुढे चालावं, असं काहींचं मत आहे. "आज नीट पार पडलं ना, तर कुणी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली.

मी बाबाकडे पाहिलं. दुर्बीण गळ्यात अडकवून तो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला होता. हेही काढून घेतलं तर त्याच्यापाशी काय उरणार होतं? आणि माझं तर उद्याचं विमान होतं.

आम्ही निघालो. वॉटलची झाडं फुलून पिवळीजर्द झाली होती आणि वाटेवर त्यांचा पराग सांडला होता. मी नेहमीसारखी भराभर पुढे गेले. बाबानं मला मागे बोलावलं. पुन्हा पुढे गेले, पुन्हा बोलावलं. एका आटलेल्या तळ्याशी तो थांबला आणि ऐकण्यासाठी त्यानं मान तिरकी केली. सगळे गप्प झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो झाडांकडे बघतच नाहीये. तो माझ्या चेहऱ्याकडे बघतोय.

बाकीचे पुढे जाईपर्यंत तो बुटाची नाडी बांधत बसला आणि खाली बघतच त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बारीक, उंच आवाज जाऊन बरीच वर्षं झाली. माणसं ऐकू येतात, कावळे येतात, ट्रक येतो. शेंड्यावरचं काही येत नाही. आई त्याच्या डाव्या दंडाला धरून चालायची. काही गायलं की ती कानाजवळ नाव पुटपुटायची, आणि गेरिगोनला नुसता दंड दाबायची. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"कान तिचे होते," तो म्हणाला. "नाव माझं व्हायचं."

मग त्यानं विचारलं की गेरिगोन तरी तुला ओळखता येते ना. येत होती. ती एकच येत होती. आई दोरीवर कपडे वाळत घालताना तीच शीळ घालायची, आणि लहानपणी मला वाटायचं की ती आईनंच रचली आहे.

"मग ऐकू आली की माझा दंड दाब. बस्."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू," तो उठत म्हणाला. पण त्यानं आपला कोपर असा बाहेर काढला की जणू माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, आणि ती अजून गरम होती.

मी त्याचा दंड धरला. तसं चालणं मला जमत नव्हतं. त्याची पावलं आखूड, माझी लांब. प्रत्येक वळणावर माझे पाय आधी निघायचे आणि हात मागे राहायचा. झाडांत नाना आवाज होते आणि मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. ऊन चढलं. माश्या आल्या. वसंतातल्या इथल्या माश्या माणसाच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करतात. लोकांची चुळबुळ सुरू झाली.

"अल्विन, तुझ्या पाखराला एक फोन तरी कर," ग्लेनिस मागून म्हणाली. "माझी जीभ टाळूला चिकटली."

"चिकटू दे," पॅस्को म्हणाला. "बाकीच्यांना पक्षी ऐकू येतील."

तेवढ्यात एक माशी बाबाच्या बाहीवरून चढत माझ्या बोटांपर्यंत आली. मी ती झटकली. माझा हात त्याच्या दंडावर आपटला.

बाबानं हात वर केला.

मागची पावलं थांबली. "आली," तो म्हणाला आणि एका दुहेरी खोडाच्या शेंड्याकडे त्यानं बोट दाखवलं. मी ऐकलं. वारा होता. लांब कुठेतरी कुणी खोकल्यासारखा पक्षी ओरडत होता. गेरिगोन नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं आणि बाबाचा चेहरा पाहिला. जूनपासून तो चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. मी तोंड मिटलं.

"आली बाई एकदाची," ग्लेनिस म्हणाली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकजण म्हणाली, किती गोड. त्यातलं कोण चहासाठी बोललं, कोण बाबासाठी आणि कोण वयामुळे, हे मला अजून सांगता येणार नाही. झाकणं फिरली, वाफ आली, फ्रूटकेकचे तुकडे वाटले गेले.

पॅस्को मात्र कानामागे पंजा धरून उभाच राहिला. नक्की कुठे, असं त्यानं विचारलं. बाबानं पुन्हा बोट दाखवलं. अजून गातेय का? बाबा म्हणाला, थांबली.

पॅस्कोनं आपला थर्मास उघडला नाही. तो ओंडक्यावर बाबाच्या शेजारी येऊन बसला आणि बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात बोलला. आपले कान जाणार हे त्याला ठाऊक होतं म्हणे. टीव्ही मोठा लावतोस, असं बायको वर्षभर सांगते आहे. उत्तरेकडच्या जंगलाच्या पट्ट्यातली पक्ष्यांची मोजणी तो एकटा करतो. नोकरी संपल्यापासून सकाळी उठायचं ते त्यासाठीच. पण ज्याला गेरिगोन ऐकू येत नाही त्यानं मोजणीला जाऊ नये. सोमवारी तो तसं कळवून टाकणार होता.

"तो पट्टा तू घे, अल्विन," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा विश्वास नाही."

बाबाच्या हातात केक होता. तो त्यानं तोंडाकडे नेला नाही, खालीही ठेवला नाही. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता. मी उठून जवळच्या खड्ड्याच्या काठापर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले आणि परत आले. बस, ब्रॉन, असं तो म्हणाला. मी बसले नाही. मी सांगू शकले असते. पण मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती, आणि नाही सांगितलं तर एक धडधाकट माणूस सोमवारी स्वतःला बहिरा ठरवून घरी बसणार होता.

बाबानं केक थर्मासच्या झाकणात ठेवला.

"लेस्टर, तिथे काही नव्हतं."

पॅस्कोनं वर पाहिलं.

"माशी होती. माझ्या बाहीवर," बाबा म्हणाला. आणि सहलीत पक्ष्याचं नाव जाहीर करायचा त्याच स्वच्छ आवाजात त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. उंच आवाज, दंड, आई, मी. मध्ये कुणी घोटही घेतला नाही.

पॅस्कोचे कान लाल झाले. "म्हणजे मी बहिरा नाही."

"नाहीस."

"तू आहेस."

"ठार."

पॅस्को उठला. टोपी काढली, घातली. त्यानं जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. आईनं ते ऐकून मान हलवली असती, पण चूक म्हटलं नसतं. अर्धा तास मी माझ्या आयुष्याचा निरोप घेत बसलो होतो आणि तू केक धरून बघत होतास, एवढा त्याचा मथितार्थ. बाबा सगळं ऐकून घेत होता. ते आवाज त्याला ऐकू येत होते.

मग पॅस्को थांबला आणि वेगळ्याच सुरात त्यानं विचारलं, "म्हणजे इतक्या वर्षांच्या सगळ्या गेरिगोन मर्लनं ऐकलेल्या?"

"सगळ्या."

"मग त्या बरोबर आहेत," पॅस्को म्हणाला. "आजची तेवढी खोड, ग्लेनिस."

मी झाडाकडे तोंड केलं. जूनपासून आईबद्दल पुष्कळ लोक बोलले होते. ती प्रेमळ होती, सोसणारी होती, शेवटपर्यंत हसरी होती. ती बरोबर होती, असं कुणी म्हटलं नव्हतं.

ग्लेनिसनं नोंद खोडली. मग आपल्या कपाकडे बघून सुस्कारा टाकला आणि उरलेला चहा जमिनीवर ओतला. एकेक करून सगळ्यांनी ओतला. मुंग्यांची चंगळ झाली.

त्या दिवशी गेरिगोन आलीच नाही. आम्ही घसे कोरडे घेऊन गाड्यांपाशी परत आलो. आमची गाडी सुरू झाल्यावर पॅस्को खिडकीशी वाकला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ऑक्टोबरला मी पुढे चालेन. तू मागून ये. माझं चुकलं की नावं ठेव. त्याला कान लागत नाहीत."

"हळू बोल," बाबा म्हणाला. "बहिरा आहे, मेलेलो नाही."

वाटेत मी म्हटलं की तिकीट बदलता येईल. महिनाभर राहीन. नावं शिकता येतील मला.

बाबा म्हणाला, "नको. तुझ्या पायाला भिंगरी आहे. आज तू किती पाखरं उडवलीस ते मी पाहिलं. डोळे शाबूत आहेत माझे."

मी हसले. पण ते मला लागलं. सकाळभर मला तो दंड सोडून पळायचं होतं, आणि आता तो सुटल्यावर हाताला जागा सापडत नव्हती. मी तो मांडीवर ठेवला, काचेवर ठेवला, रेडिओ लावला, बंद केला.

घरी आल्यावर मी आईच्या खोलीत उगाच उभी होते, तेव्हा स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी सुरू झाली. ती वाजतच राहिली. मी धावत दारापर्यंत गेले आणि चौकटीशी थांबले. बाबा शेगडीकडे पाठ करून ब्रेड कापत होता. शिट्टी घरभर घुमत होती आणि तो शांतपणे काप पाडत होता, लोणी शोधत होता. मी एक पाऊल आत टाकलं. तेवढ्यात समोरच्या खिडकीच्या काचेवर वाफ चढायला लागली. बाबानं सुरी ठेवली, काचेवरून एक बोट फिरवलं, वळला आणि गॅस बंद केला.

मी दिसायच्या आत मागे फिरले आणि बॅग भरायला घेतली.