गच्चीवर थांबलेली तार

चैत्राचं ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं. नूतन गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होती, पण तिचा एक कान सारखा जिन्याकडे होता. तिचा सव्वा वर्षाचा मुलगा हल्ली दाराची खालची कडी काढायला शिकला होता. गच्चीच्या कठड्याला काळ्या तारेचं एक भेंडोळं तीन महिन्यांपासून लटकत होतं.

शहरात घरोघरी वेगवान इंटरनेट पोचवायची योजना आली, तेव्हा मोठ्या रस्त्यांवर खांब उभे राहिले. आतल्या गल्ल्यांत मात्र तार गच्च्यांवरूनच न्यायची होती. नूतनच्या घरापर्यंत ती आली. मागच्या बोळातल्या अकरा मुस्लिम घरांपर्यंत गेली नाही.

बोळातलं पहिलं घर हुमाचं. तीही बी.कॉम., नूतनसारखीच. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. नवरा फैसल चटईच्या कारखान्यात. तिथं आता आठवड्यातून तीनच दिवस काम मिळत होतं. हुमाला पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या नोकरी देऊ केली होती. अट एकच, घरात तारेचं नेट हवं.

“भाभी, उद्या पाचपर्यंतच वेळ आहे,” हुमा खालून म्हणाली. “दोनदा मुदत मागितली. आता म्हणतात, जमत नसेल तर दुसरीला घेतो.”

“मोबाइलवर नाही चालणार?”

“बोळात रेंज कुठंय? माझी सासू म्हणते, फोनला कावळ्यासारखं पत्र्यावर बसवा, मग बोलेल!”

दोघी हसल्या. मग हुमाचं हसू एकदम थांबलं. “तार तर तुमच्या गच्चीपर्यंत आलीय. पुढं का येत नाही, कुणी सांगतच नाही.”

“सरकारी काम गं, दुसरं काय,” असं नूतन आजवर तीनदा म्हणाली होती. आज चौथ्यांदा म्हणवेना. “थांब, मीच विचारून येते.”

वॉर्ड ऑफिसातल्या रुपचंद कारकुनानं फाइल उघडली आणि तो हसायलाच लागला. “कमाल आहे ताई. अडवलं तुम्ही, अन् विचारायलाही तुम्हीच!”

त्यानं कागद पुढं सरकवला. ‘माझ्या मालकीच्या घराच्या गच्चीवरून मागील वस्तीसाठी तार नेण्यास माझी हरकत आहे.’ खाली सही होती. तिचीच, कॉलेजात घटवलेली, शेवटच्या अक्षराला वळण दिलेली.

नूतनला जानेवारीतली ती सकाळ आठवली. हात कणकेनं भरलेले होते. “घरपट्टीचं आहे, तीन सह्या कर,” असं म्हणत तिच्या नवऱ्यानं, हितेंद्रनं, स्वयंपाकाच्या ओट्यावरच कागद धरले होते. बाईच्या नावावर रजिस्ट्रीत सूट मिळते म्हणून घर तिच्या नावावर घेतलेलं. पण त्या घरात खिळा कुठं ठोकायचा, हेही तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

“हरकत मागं घ्यायची असेल तर?”

“एक अर्ज, एक सही. वायरमन खाली चहा पितोय. संध्याकाळपर्यंत तार पलीकडं.” रुपचंदनं पेन पुढं केलं आणि सवयीनं म्हणाला, “पण घरी विचारून या बरं, ताई. नंतर माझ्या टेबलावर भांडण नको.”

नूतन घरी विचारायला गेली.

तिचे सासरे जीवराम, म्हणजे आबा, मूळचे असोदा गावचे. ते पलंगावर बसून मोबाइलवर केळीचे भाव बघत होते.

“आबा, माझ्या नावानं हरकत तुम्ही दिलीत?”

“मंग? सही तू करेल आहे, म्या नाही.”

“मला वाचू दिलं नाही कुणी.”

“वाचून काय करती व? आज तार जाईन, उद्या दुरुस्तीले ते बोळातले बठ्ठे लोकं आपल्या गच्चीवर चढतीन. त्यायले कशाले पाह्यजे नेट?”

“तिचं लेकरू आपल्या बाळापेक्षाही लहान आहे हो,” स्वयंपाकघरातून लताबाई, तिच्या सासूबाई, हळूच म्हणाल्या.

“तू भाकरी पाह्य!”

संध्याकाळी हितेंद्र आला. “दोन-चार दिवस थांब ना. आबांचं डोकं शांत होऊ दे. तिला म्हण, आणखी मुदत माग.”

शुक्रवारी नूतननं चार वेळा चपला घातल्या आणि चार वेळा काढल्या. एकदा बाळ रडलं. दोनदा आबा दारासमोरच्या ओट्यावर बसलेले होते. चौथ्यांदा काहीच कारण नव्हतं.

साडेचारला हुमा उसना लॅपटॉप घेऊन शिडीनं पत्र्यावर चढली. तापलेल्या पत्र्यावर पाय ठरत नव्हते. लॅपटॉप कधी डोक्यावर, कधी छातीशी धरत, खाली नाही तर निदान आभाळाकडे तरी मोबाइलची रेंज सापडेल, अशा आशेनं ती या टोकाकडून त्या टोकाला फिरत होती. खाली मुलगी टाहो फोडत होती. पाच वाजले. हुमा पत्र्यावर तशीच उभी राहिली. नूतन कठड्याआड खाली बसली, दिसू नये म्हणून.

सोमवारी तिनं कुणाला न विचारता अर्ज केला. घरात भांडी आदळली. आबा तिच्या हातचं जेवेनात. हितेंद्र बोलेना. वायरमन दुसऱ्या वॉर्डात गेला होता; बुधवारी तार बोळात गेली.

त्या संध्याकाळी, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, नूतननं पहिल्यांदा त्या बोळात पाऊल ठेवलं. स्वयंपाकघरापासून जेमतेम तीस पावलं.

“हुमा, हरकत माझ्याच सहीची होती. मला ठाऊक नव्हतं.”

हुमा दारातच उभी होती. उद्यापासून ती मिरच्या निवडायला जाणार होती, मुलीला सासूजवळ ठेवून. “कधी कळलं तुम्हाला?”

“गुरुवारी.”

“शुक्रवारी पाचपर्यंत वेळ होता, भाभी.”

एवढंच बोलून तिनं दार लोटलं. जोरात नाही.

दुसऱ्या दिवशी नूतन बाळाला कडेवर घेऊन रुपचंदच्या टेबलाशी उभी राहिली. “अशा हरकती आणखी किती आहेत?”

“आपल्या वॉर्डात सत्तावीस. तार येऊन पडलीय, खांब उभे आहेत. गाडं इथं अडलंय.”

“बायकांच्या सह्यांच्या किती?”

त्यानं गठ्ठा चाळला. “अठरा.”

नूतननं त्या अठरा कागदांच्या प्रती मागून घेतल्या. पहिला पत्ता दोन गल्ल्या सोडून होता. भर दुपारी नूतननं तिथली कडी वाजवली. साठीची बाई पदरानं हात पुसत दारात आली.

“कोन पाह्यजे? घरात मानूस नाही.”

“तुम्हीच पाहिजेत, बेबाबाई. तुमच्या सहीचा एक कागद आहे. वाचून दाखवू?”