लतीफच्या डब्यातली चिंधी

रत्नपाल खंदारे दमला होता. नुसता दमला नव्हता, त्याला आता दमण्याचाही कंटाळा आला होता. साखऱ्याच्या पुढं एका वस्तीवर त्याची दोन शिक्षकांची शाळा, त्यातले दुसरे शिक्षक दोन महिने रजेवर. रोज सकाळी सेनगावहून जीपमध्ये कुणाचं तरी गाठोडं मांडीवर घेऊन जायचं, चार वर्ग एका खोलीत बसवायचे, खिचडीचा फोटो पाठवायचा, झाडाचा फोटो पाठवायचा, हात धुणाऱ्या लेकरांचा फोटो पाठवायचा. यात शिकवायचं कधी, हे वरच्यांनी त्याच्या हुशारीवर सोडलं होतं. घरी आला की तो खुर्चीत बसे आणि बसल्या जागी झोपे. त्याची बायको शिला म्हणायची, "तुमी घरी येता कुठं? निस्तं अंग येतं तुमचं."

हा माणूस एके काळी कथा लिहायचा, असं सांगितलं तर गल्लीतल्या कुणालाही खरं वाटलं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी त्याचं एक पुस्तक निघालं होतं. त्याच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या आणि झाडून काढताना शिला त्यांना दर आठवड्याला कुंचा मारायची. परभणीच्या एका संपादकांनी मात्र त्याला अजून लक्षात ठेवलं होतं. दिवाळी अंकासाठी त्यांनी कथा मागितली, रत्नपालनं उत्साहात हो म्हटलं, आणि मग नेहमीचंच झालं. दोनदा मुदत वाढवून घेतली. आता मंगळवार शेवटचा होता आणि कागदावर शाईचा टिपका नव्हता. या वेळीही कथा झाली नाही तर स्वतःला लेखक म्हणवून घेणं कायमचं बंद, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जीपमधून उतरला तो घरी न जाता लतीफच्या दुकानात गेला.

लतीफ टेलर आणि तो पहिलीपासून एका वर्गात होते. पुस्तक निघालं तेव्हा लोकांनी रत्नपालला शाली दिल्या, नारळ दिले. लतीफनं दिला होता बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. आत लोकांच्या खिशांतल्या वस्तू होत्या. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या खिशांत काय काय राहून जातं, ते टेलरलाच ठाऊक. नोट निघाली तर लतीफ त्याच दिवशी परत करी. बाकीच्या वस्तू तो त्याच कपड्यातून निघालेल्या चिंधीत बांधून खुंटीला लटकवी, म्हणजे गिऱ्हाईक आलं की कापडावरूनच मालक ओळखू यावा. वर्षभर कुणी विचारलं नाही की ते बोचकं डब्यात जाई.

"तुला गोष्टीला बी पाह्यजे ना?" तो तेव्हा म्हणाला होता. "हे घे. फुकटात."

खेळाचे तीन नियम लतीफनंच केले होते. डोळे मिटून एकच बोचकं काढायचं, ते कुणाचं हे विचारायचं नाही, आणि काढलं की त्यावर गोष्ट लिहायचीच. डबा दुकानातच राहायचा, आणि दर ईदला शीरखुर्मा खाऊन झाला की रत्नपाल त्यात हात घालायचा. सुरुवातीला एकदा दुधाचा दात निघाला, एकदा जत्रेतली शिट्टी. दोन्हींच्या कथा झाल्या, छापून आल्या. पुढं किल्ल्या निघाल्या, बटणं निघाली, अर्धा फाडलेला फोटो निघाला, आणि सगळं टेबलाच्या खणात जाऊन पडलं. तिसरा नियम तो बारा-तेरा वर्षं मोडत आला होता आणि लतीफनं एकदाही त्याचं नाव काढलं नव्हतं.

"काय मास्तर? वाळल्या भेंडीवानी काहून दिसून राहिला?" लतीफ मशीन न थांबवता म्हणाला.

"लतीफ, आता बंद करू हा खेळ. मला न्हाई जमत. तुझ्या वस्तू परत आणून देतो."

मशीन थांबलं. लतीफनं चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडं बघितलं. "न्हाई जमत तर न्हाई. जबरदस्ती थोडीच हाय? पण शेवटचं एक काढून जा. डबा काय म्हणल?"

वाद घालायलाही अंगात जोर लागतो. रत्नपालनं डोळे मिटून हात घातला आणि तळाचं एक बोचकं काढलं.

घरी आल्यावर त्यानं ते उघडलं. चिंधीच्या आत आठ घड्या केलेला वहीचा कागद होता. पेन्सिलीनं लिहिलेलं, थोडं पुसट झालेलं: 'बाबा, आज झोपू नका. मी गोष्ट लिहिली आहे. पहिल्यांदा तुम्हालाच वाचून दाखवायची आहे. आईला पण नाही सांगितली.'

खाली नाव नव्हतं. बाबाला चिठ्ठी लिहिताना कोणतं लेकरू नाव टाकतं?

रत्नपालनं तो कागद चार-पाच वेळा वाचला आणि त्याला राग आला. असा कसा बाप असेल? पोरीनं खिशात चिठ्ठी ठेवली आणि या गड्यानं खिशात हातसुद्धा घातला नाही. ती मुलगीच असणार, हे का कुणास ठाऊक, त्यानं धरूनच टाकलं. त्या रागातच त्यानं पहिलं वाक्य लिहिलं. मग दुसरं. पेन गळत होतं म्हणून निब चिंधीला पुसत पुसत त्यानं पान भरलं. रविवारी दुपारी जेवून उठला आणि झोपला नाही. शिलानं दोनदा दारातून डोकावून बघितलं, तब्येत तर बरी आहे ना म्हणून. लिहिता लिहिता त्याचा राग ओसरला आणि त्या बापाची कीव यायला लागली. किती दमत असेल बिचारा. सोमवारी खिचडीच्या सुट्टीत त्यानं शेवट केला. सात पानं झाली. त्या दिवशी खिचडीचा फोटो पाठवायचा राहिला आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी त्यानं शिलाला समोर बसवून कथा वाचून दाखवली. ती मेथी निवडत ऐकत होती. बाप जेवतो, हात धुतो आणि भिंतीला टेकून झोपी जातो, इथं आल्यावर तिनं मेथी बाजूला सारली. वाचून झालं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले, आणि रत्नपालला वाटलं, जमलं. आपण अजून मेलो नाही.

"चांगली हाय," ती म्हणाली. मग तिची नजर टेबलावरच्या चिंधीवर गेली. ती उठली, चिंधी उचलून तिनं उजेडात धरली. राखाडी कापड, त्यात बारीक निळी रेघ. "ही कुठून आणली?"

"लतीफच्या डब्यातली हाय. याच्यातच चिठ्ठी होती."

"ही तुमची पँट हाय."

"काहीतरीच."

"काहीतरीच कसं? माझ्या भावाच्या लग्नात शिवली व्हती. पायाला लई रुंद झाली म्हणून मोहरी कमी करायला तुमीच टाकली लतीफभाईकडं. पल्लवी पाचवीत व्हती तवा." बोलता बोलता तिनं चिंधी चिठ्ठीशेजारी ठेवली.

रत्नपालनं चिठ्ठी पुन्हा उघडली. अनुस्वार शून्यासारखे गोल काढलेले होते. पल्लवी तसे काढायची, आणि त्यानंच तिला त्यावरून किती वेळा टोकलं होतं. रोज वह्या तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीचं अक्षर ओळखू आलं नाही. सात पानं ज्या बापाला त्यानं आधी झोडपलं आणि मग कुरवाळलं, तो बाप आरामात खुर्चीत बसून दुसऱ्याची गोष्ट लिहीत होता.

तो तसाच चपला अडकवून लतीफकडं गेला. लतीफनं चिंधी बोटांत चोळली आणि त्याचा चेहरा उतरला.

"याद आलं. तुला म्हणलं व्हतं मी, मास्तर, खिशात कागद हाय. तू म्हणाला, टाकून दे, शाळेचा कायतरी असल. मी कोणाचा घडी घातलेला कागद उघडत न्हाई, तुला ठाऊक हाय. फेकलाबी न्हाई. लटकवला, मग डब्यात गेला." त्यानं चिंधी परत दिली. "काय हाय त्याच्यात?"

रत्नपालनं वाचून दाखवलं. लतीफ बराच वेळ टेप गळ्याभोवती फिरवत राहिला. मग म्हणाला, "फोन लाव तिला. इथून न्हाई, घरी जाऊन लाव."

पल्लवी नांदेडला एका लॅबमध्ये कामाला होती. चोवीस वर्षांची. तिचे फोन आईला येत. बापाशी जेवण झालं का, तब्येत कशी, बरं ठेवते, एवढंच. ती अशी तुटक का बोलते, हा प्रश्न रत्नपालला पडायचा. पण त्याचं उत्तर शोधायचं म्हणजे जागं राहायला हवं होतं.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" तिनं आधी तेच विचारलं. बापाचा फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असा तिचा हिशेब असावा.

त्यानं सगळं सांगितलं. डबा, चिठ्ठी, चिंधी, लतीफ. आणि सवयीप्रमाणं हेही सांगून टाकलं, की त्यावर मी कथा लिहिली आहे, चांगली झाली आहे.



"चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते आठवत नाही," पल्लवी म्हणाली. "पण ती संध्याकाळ आठवते. तुम्ही आले, जेवले आणि झोपले. मला वाटलं, चिठ्ठी वाचूनच झोपले." आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच त्याचा जीव जास्त कासावीस झाला. "मग कथेत काय लिहिलं?"

"तेच. बाप दमून येतो, पोरगी वाट बघत बसते..."

"आणि तिची गोष्ट काय होती?"

"कुणाची?"

"त्या पोरीची. तिनं लिहिलेली गोष्ट. तुमच्या कथेत असेल ना ती?"

रत्नपालनं पानं चाळली. सात पानांत बापाचा घाम होता, बापाची पाठ होती, बापाच्या पायांच्या भेगा होत्या. पोरीच्या गोष्टीतली एक ओळ नव्हती. ती गोष्ट काय असेल, असं लिहिताना त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "ते... न्हाई लिहिलं मी. चुकलंच माझं, बाळा. तेव्हाही आणि आताही." मग त्यानं पानं पालथी घातली. "तू सांग. मला ऐकायची आहे."

"आत्ता? चौदा वर्षं झाली, बाबा."

"जेवढी आठवते तेवढी सांग."

फोनमध्ये मध्येच दुसरा फोन आल्याचा आवाज व्हायला लागला. परभणीचे संपादक होते. रत्नपालनं नाव बघितलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. तो आवाज वाजून वाजून बंद झाला.

"हसायचं नाही हां," पल्लवी म्हणाली. "एका माणसाकडं खूप झोप असते. इतकी, की ती घरात मावत नाही. मग तो तिला अंगणात दावणीला बांधतो, म्हशीसारखी. रोज वैरण टाकतो. आणि त्याची पोरगी एक दिवस गपचूप तिचं दावं सोडून देते..."

रत्नपालनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. शिला दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा?" पल्लवी थांबली. "झोपले का?"

"न्हाई," रत्नपाल म्हणाला. "जागा हाय मी. सांग, पुढं काय झालं?"