अर्धी दगडात, अर्धी बाहेर

मित्रांनो, मी मगर आहे, पण दगडाची. डायनासोरांच्या काळात मी नदीत राहायचे. मेल्यावर गाळात गाडली गेले आणि माझ्या हाडांचा हळूहळू दगड झाला. शेजारीच एक डायनासोर मरून पडला होता. तो माझ्या डोळ्यांत आजही खुपतो.

आम्हा दोघांना एकाच खड्ड्यातून काढले आणि प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून संग्रहालयाच्या तळघरात आणले. तिथे हाडे साफ करणारी एक बाई होती. दगड कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होते हे कळेना, की ती तुकड्याला खुशाल जीभ लावायची. आमचे हाड जिभेला चिकटायचे, दगड चिकटायचा नाही.

तिचा नवरा शेजारच्या खोलीत आमच्यासाठी लोखंडी स्टँड बनवायचा. तो दारातून म्हणायचा, "अगं, डबा सोडून दगड काय चाटतेस?"

"अहो, डब्यात तुम्ही केलेली भाजी आहे. त्यापेक्षा हाच बरा लागतो."

तिने आधी डायनासोर घेतला. त्याच्या एकेका मणक्यावरून ती मऊ ब्रश फिरवायची आणि चहाचा कप माझ्या पाठीवर ठेवायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नवऱ्याचीही तीच गत.

"त्या धुडाकडे बघतेस तसं कधी माझ्याकडे बघ की!"

"आणखी थोडे जुने व्हा, मग बघते."

कित्येक वर्षांनी डायनासोर वरच्या मोठ्या दालनात उभा राहिला. मुले त्याच्याभोवती नाचू लागली. मग बाईने माझे प्लास्टर कापले. "चल गं, आता तुझी पाळी," ती म्हणाली. मला धन्य वाटले. माझे नाक, दात, एका डोळ्याची खोबण तिने मोकळी केली. ती जबड्यापर्यंत आली आणि आजारी पडली. पुन्हा आलीच नाही.

काही आठवड्यांनी नवरा एकटाच आला. संग्रहालयाचे साहेब त्याला म्हणाले, "उरलेला दगड दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. माणूस मिळाला नाही तर हिला गोदामात टाकावं लागेल. अर्धवट वस्तू वर कशी ठेवणार?"

"तिनं जिथवर आणलंय तिथंच राहू द्या, साहेब. स्टँड मी करतो."

"लोक हसतील हो."

"हसू देत. हाड दगडातून कसं निघतं, ते तरी पोरांना दिसेल."

साहेबांनी वाकून माझे मोकळे झालेले दात पाहिले. मग म्हणाले, "करा स्टँड."

स्टँड झाल्यावर नवरा माझ्यासमोर वाकला. बाईचा हात जिथे थांबला होता, तिथे त्याने जीभ लावली. ती चिकटली. त्याने ती लगेच काढली नाही.

"नशीबवान आहेस गं," तो मला म्हणाला. "शेवटी तिचा हात तुझ्यावर होता."

माझा हेवा करणारा तो पहिलाच. पण मित्रांनो, मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

आता मी वर, दाराजवळ असते. तुम्ही माझ्यासमोरून डायनासोरकडे धावता तेव्हा अजूनही माझ्या पोटात दुखते. जा, खुशाल जा. तो सुंदर आहे, कारण तिने त्याला पूर्ण केले. पण परत जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबा. उरलेला दगड कधी काढणार, असे मात्र कुणाला विचारू नका. कोपऱ्यात स्टँड पुसणारा एक म्हातारा असतो. त्याला ऐकू जाईल.