गुरुवारचं जेवण

गुरुवारी संध्याकाळी टेबलावरची ताटं तशीच राहिली.

आमच्या गावात रीतच आहे. शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना, तर आदल्या दिवशी क्वार्टरबॅकच्या घरी पुढच्या फळीतल्या पोरांना जेवण. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, माझा टॅनर. त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अंगावर घेणारी ही पोरं. मी सकाळपासून मांस धुरावर भाजत ठेवलं होतं, पण कुणी फिरकलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. गावच्या रेडिओवर टॅनरला विचारलं, "सगळे सामने कसे जिंकलात?" आणि आमचं कार्टं म्हणालं, "माझ्या हातात जादू आहे." फळीचं नावसुद्धा काढलं नाही. जीभ हासडावीशी वाटली मला.

मी कॉफी वाढते त्या हॉटेलात तेव्हापासून एकच वाद चालू होता.

"टॅनर नसता तर आपण तळाला असतो," म्हातारा ऑरविल म्हणाला.

"आणि फळीत डावीकडे डेल्फिनो नसता तर टॅनर दवाखान्यात असता," रस्टी म्हणाला. "टॅनर उजवीकडे बघत असताना डावीकडून येणारा त्याला दिसतो का? वहिनी, तुम्हीच सांगा."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली. गेल्या वर्षी डावीकडूनच एकजण येऊन आदळला होता, आणि शुद्धीवर आलेल्या टॅनरने मला ओळखलं नव्हतं. डोक्याला पुन्हा मार बसला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी मी खेळू दिलं. आमच्या गावात नको म्हणणारी आई अजून जन्मायची आहे.

शेवटी त्या गुरुवारी रात्री मांसाचं पातेलं उचललं आणि डेल्फिनोच्या घरी गेले. त्याची आई ऑरेलिया त्याच्या सुजलेल्या बोटांवर बर्फ धरून बसली होती.

"जेवायला का नाही आलास रे?"

"भूक नव्हती, काकू."

"उद्या..." मी पातेलं टेबलावर ठेवलं. "उद्या टॅनरला एकटं नाही ना सोडणार?"

उत्तर ऑरेलियाने दिलं, "जेवायला आला नाही, लोर्ना. एवढंच."

माझा विश्वास बसला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सामन्यात मी चेंडूकडे पाहिलंच नाही. नुसती डावी बाजू बघत होते. शेवटच्या डावाला टॅनर उजवीकडे वळला आणि डावीकडून एक धिप्पाड गडी सुटला. डेल्फिनो खाली पडला होता. पडल्या पडल्याच त्याने स्वतःला त्या गड्याच्या पायांत झोकून दिलं. दोघं कोसळले, डेल्फिनोचा गुडघा भलतीकडेच वळला. टॅनरने फेकलेला चेंडू मात्र आमच्या खेळाडूकडे पोचला. सगळे उभे राहून माझ्या पोराचं नाव घेऊ लागले.

टॅनर उभा होता. देवा, पडलेला माझा नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मला हुंदका फुटला, आनंदाने.

मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. ऑरेलिया होती, मैदानाकडे निघालेली.

"जरा वाट दे, लोर्ना," ती म्हणाली.